खोबरेल आणि मुठेलाच्या जोडीला ॲव्होकॅडो तेल घालावे का?

माडाची_राई (वेंगुर्ला) — प्रश्न

नमस्कार. आमच्या गावातील महिलांचा बचत गट लाकडी घाण्यावरचे खोबरेल, रातांब्याच्या बियांचे मुठेल आणि या दोहोंत मधमाश्यांचे मेण वितळवून केलेले, टाचांच्या भेगांना लावायचे मलम तयार करून विकतो. डोक्याला लावण्यासाठी माका आणि जास्वंद घालून कढवलेले तेलही आम्ही करतो. पर्यटनाच्या हंगामात मुंबई-पुण्याकडून येणारे पाहुणे ते आवडीने नेतात. परंतु अलीकडे त्यांच्यापैकी बरेच जण, विशेषतः तरुण मुली, ‘यात ॲव्होकॅडो तेल आहे का?’ असे विचारू लागल्या आहेत.

एक पुरवठादार आम्हांला हे तेल देण्यास तयार आहे. त्याने दिलेल्या माहितीपत्रकात हे तेल त्वचेत खोलवर जाते, सुरकुत्या घालवते, केस वाढवते, कोंडा हटवते आणि उन्हापासून रक्षण करते, असे पाच दावे एका दमात केलेले आहेत. भाव मात्र आमच्या खोबरेलाच्या कित्येक पट आहे, आणि तो भाव शेवटी गिऱ्हाइकाकडूनच वसूल करावा लागणार असल्यामुळे, केवळ नाव छापता यावे म्हणून ते तेल घालणे आमच्या गटातील जाणत्या बायकांना पटत नाही.

या तेलाने डोक्याच्या तेलात किंवा टाचांच्या मलमात खरोखर कोणता फरक पडतो, आणि आमच्याकडील दमट हवेत ते मानवते का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. पावसाळ्यात आमच्याकडे निम्म्या घरांतून कोंड्याची तक्रार असते, म्हणून कोंड्याच्या दाव्याविषयी विशेष विचारणा आहे. गटातील काही जणींचे असेही म्हणणे आहे की आगरात ॲव्होकॅडोची झाडे लावून तेल घरीच काढावे. तेही शक्य आहे का, हे कृपया सांगावे.

तेलाचा_रसायनी (चिपळूण)

ताई, प्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनचे काम मी बरीच वर्षे केले आहे. दाव्यांकडे वळण्याआधी हे तेल मुळात कशाचे बनलेले आहे ते पाहावे, कारण एखादे तेल केसांवर किंवा टाचेवर काय करील हे बहुतांशी त्यातील स्निग्धाम्लांवरून (फॅटी ॲसिड्सवरून) ठरते.

ॲव्होकॅडोचे तेल ऑलिव्हप्रमाणे फळाच्या गरातून निघते. त्याच्या भल्यामोठ्या बीचा तेलासाठी उपयोग होत नाही. चांगल्या प्रतीचे तेल काढताना गर ५० अंश सेल्सिअसच्या खालीच ठेवून संथपणे घुसळतात आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाणी व तेल वेगळे करतात. असे रिफाइन न केलेले तेल हरितद्रव्यामुळे गडद हिरवे दिसते, तर रिफाइन केलेले फिकट पिवळे आणि जवळजवळ गंधहीन असते. जात आणि प्रदेश यांनुसार आकडे बदलतात; पण सर्वसाधारणपणे त्यात ५० ते ७० टक्के ओलेइक आम्ल असते, त्याखालोखाल पामिटिक व लिनोलेइक आम्ले आणि थोडे पामिटोलेइक आम्ल असते. याशिवाय बीटा-सिटोस्टेरॉलसारखी वनस्पतिजन्य स्टेरॉले, ई जीवनसत्त्व आणि ल्युटीन हे अल्प प्रमाणातले घटक असतात. माहितीपत्रकांतील बहुतेक स्तुती या अल्प घटकांच्या जोरावर केलेली असते आणि रिफाइन करताना नेमके तेच घटक बरेचसे कमी होतात. त्यामुळे फिकट तेल विकताना हिरव्या तेलाचे गुण सांगणे ही या व्यापारातील नेहमीची चलाखी आहे.

खोबरेलाची घडण याहून अगदी निराळी आहे. त्यातील जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि त्याची साखळी आखूड व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती, तीत धुण्या-विंचरण्यामुळे केसांतून निघून जाणारे प्रथिन कमी करण्याचे काम फक्त खोबरेलाने केल्याचे आढळले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा. तथापि त्यामागचे रासायनिक कारण पटण्याजोगे आहे आणि पुढील अभ्यासांतही खोबरेल केसात शिरत असल्याचे दिसले आहे. मचूळ पाण्याने आणि खाऱ्या वाऱ्याने केस राठ होतात अशा आपल्या किनाऱ्यावर, धुण्याआधी लावायच्या तेलासाठी खोबरेल हाच पाया योग्य आहे. ॲव्होकॅडो तेल केसांवर पातळ थर धरून चकाकी आणि मऊपणा देते, गुंता सोडवण्यास मदत करते. केसांच्या मुळाशी जाऊन वाढ घडवून आणण्याची शक्ती मात्र त्यात नाही, तशी ती कोणत्याच खाद्यतेलात नाही.

आता टाचांचे मलम. येथे मात्र त्याला थोडी जागा आहे. मुठेलात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्यामुळे ते साधारण ३८ ते ४० अंशांपर्यंत घट्ट राहते आणि नुसते वापरल्यास ठिसूळ होऊन त्याचे कण पडतात. त्यात एखादे द्रवरूप तेल घातले की मलम बोटाला सहज लागते. खोबरेल थंडीत २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तुमचे मलम दगडासारखे होत असणार. ॲव्होकॅडो तेलाने ही अडचण दूर होईल, पण तिळाच्या तेलानेही ती होईल, आणि तिळाच्या तेलात सेसमॉलसारखी नैसर्गिक संरक्षक द्रव्ये असल्याने ते लवकर खवटत नाही. मी असतो तर आधी तिळाच्या तेलाचा घाणा करून पाहिला असता. अंगणातील उंडीच्या तेलाचाही विचार कराल. परदेशी प्रसाधनांत तेच ‘टमानू’ या नावाने चढ्या भावाने विकले जाते. मात्र त्याचा वास उग्र असतो आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही, म्हणून प्रमाण अगदी थोडे ठेवावे.

भेसळीविषयीही सांगणे आवश्यक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील संशोधकांनी २०२० साली अमेरिकेतील दुकानांतून घेतलेली खाण्याची ॲव्होकॅडो तेले तपासली, तेव्हा किमान ८२ टक्के नमुने एकतर मुदतीपूर्वीच शिळे झालेले किंवा इतर तेलांची भेसळ असलेले निघाले. तीन बाटल्यांत तर जवळजवळ निव्वळ सोयाबीनचे तेल होते. जेथे तपासणीची सोय आहे तेथे ही स्थिती असेल, तर मधल्या चार हातांतून तुमच्यापर्यंत आलेल्या सुट्या तेलाची काय खात्री द्यावी? हिरवा रंग ही शुद्धतेची खूण मानू नये, तो सहज घालता येतो.

दवाखाना_रत्नागिरी

वरील प्रतिसादातील ओलेइक आम्लाच्या आकड्याला वैद्यकीय दृष्टीने फार महत्त्व आहे, आणि कोंड्याच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे.

आपल्या टाळूवर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट वर्गातील बुरशी सर्वांच्याच डोक्यात राहते. तिला स्वतःला स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती टाळूवरच्या तेलकट द्रव्यांचे विघटन करून त्यांतील संपृक्त आम्ले वापरते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त आम्ले मागे सोडते. ज्यांना कोंडा होण्याची प्रवृत्ती असते त्यांच्या टाळूवर ओलेइक आम्ल लावले असता पापुद्रे सुटू लागतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे ज्या द्रव्यामुळे कोंडा चाळवला जातो तेच ज्या तेलात अर्ध्याहून अधिक आहे, ते तेल कोंडा हटवते असे सांगणे शास्त्राला धरून नाही. खरे तर कोंडा असताना कोणतेही तेल टाळूवर रात्रभर मुरवू नये, खोबरेलही नाही. आमच्याकडे मृगाचा पाऊस सुरू झाला की केस दिवसेंदिवस नीट वाळत नाहीत, त्यावर तेल चोपडून घट्ट अंबाडा बांधला जातो, आणि मग ऑगस्टपर्यंत कोंडा, मानेवर शिबे आणि कपाळावर बारीक पुटकुळ्या घेऊन मुली दवाखान्यात येतात. त्यांना केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू द्यावा लागतो आणि तेल काही काळ बंद करण्यास सांगावे लागते. हे दुसरे सांगणे त्यांच्या आजींना मान्य होत नाही, हा भाग वेगळा.

ओलेइक आम्ल त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्ध द्रव्यांची रचना विस्कळीत करते. ‘खोलवर जाते’ या दाव्याचा अर्थ खरे तर हा आहे, आणि ती नेहमीच चांगली गोष्ट नसते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढ व्यक्तींच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावले, तेव्हा त्वचेचा संरक्षक थर कमकुवत झाला व सौम्य लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. ॲव्होकॅडो तेलाची घडण ऑलिव्हच्या जवळची असल्यामुळे तोच सावधपणा येथेही बाळगावा, असे माझे मत आहे. निरोगी, जाड झालेल्या टाचेच्या त्वचेवर याने बिघडणार नाही. पण आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला रोज तेल लावण्याची रीत आहे, तेव्हा तुमचे गिऱ्हाईक हे तेल बाळासाठी मागेल तर ते देऊ नये, विशेषतः घरात दमा किंवा इसब असेल तर.

सुरकुत्यांच्या दाव्यामागे बहुधा १९९१ सालचा एक प्रयोग असतो. त्यात वाढत्या वयाच्या उंदरांच्या आहारात ॲव्होकॅडोची निरनिराळी तेले घालून त्यांच्या त्वचेतील कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, मोजले होते. उंदराने खाल्लेल्या तेलावरून माणसाच्या चेहऱ्यावर लावलेल्या तेलाविषयी काही सिद्ध होत नाही. सोरायसिससाठी जर्मनीतील २००१ सालचा अभ्यास दाखवला जातो. तो ब-१२ जीवनसत्त्व घातलेल्या क्रीमचा होता, ॲव्होकॅडो तेल त्यात सोबतीला होते, आणि रुग्ण अवघे १३ होते. उन्हापासून रक्षणाचा दावा तर पूर्णपणे वगळावा. आंब्याच्या हंगामात बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाने सनस्क्रीनऐवजी तेलावर विसंबावे, असे छापील कागदावर सुचवणे गैर आहे.

दोन गोष्टी तुमच्या मलमाच्या वेष्टनावर लिहिण्याजोग्या आहेत. लावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, त्यांवर हे मलम लावू नये. तेथे जागा कोरडी ठेवणे आणि बुरशीवरचे औषध लावणे हाच उपाय आहे, स्निग्ध थराने ओलावा कोंडला जाऊन त्रास वाढतो. दुसरे असे की ज्यांना रबराच्या चिकाची, म्हणजे लॅटेक्सची, ॲलर्जी असते त्यांच्यापैकी काहींना ॲव्होकॅडो, केळे आणि किवी यांचीही ॲलर्जी असते. रिफाइन केलेल्या तेलात ॲलर्जी घडवणारी प्रथिने नगण्य असतात, पण हिरव्या तेलाबाबत अशा व्यक्तींनी दूरच राहावे. दोडामार्ग भागात रबराच्या बागा वाढल्या आहेत, त्यामुळे तुमच्या जिल्ह्यात ही सूचना अनाठायी ठरणार नाही.

कातळावरची_बाग (दापोली)

झाडे लावण्यासंबंधी थोडक्यात सांगतो. ॲव्होकॅडो हे लॉरेसी कुळातील, म्हणजे दालचिनीच्याच कुळातील, मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील झाड. आपल्या देशात ते कोडगू, निलगिरी, वायनाड, सिक्कीम अशा थंड, उंचावरच्या प्रदेशांत रुळले आहे आणि दक्षिणेत त्याला बटर फ्रूट म्हणतात. त्याच्या तीन मुख्य शाखा आहेत : मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. किनाऱ्यावरची उष्ण दमट हवा त्यांपैकी वेस्ट इंडियन शाखेला सर्वाधिक मानवते, पण नेमक्या तिच्याच फळांत तेल सर्वांत कमी असते, बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आत. तेलासाठी नावाजलेल्या हास जातीच्या पक्व फळात ते वीस टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ती जात आपल्या हवेची नव्हे.

शिवाय मुळांभोवती पाणी साचले की फायटॉफ्थोरा बुरशीने हे झाड बघता बघता वाळते. उताराच्या जांभ्या जमिनीत, पाण्याचा निचरा चांगला असेल तर झाड जगते आणि खाण्यापुरती फळे देते. तेवढ्या हौसेसाठी जरूर लावावे. आगरात, माडाच्या आळ्याजवळ, मुळीच लावू नये.

घरी तेल काढायचे म्हटले तर गरात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे घाण्यात घालून काही निघत नाही. काही जण गर खोबरेलात कढवतात. पाणी पूर्ण आटले तर हाती येते ते थोडासा ॲव्होकॅडोचा अंश असलेले खोबरेलच, आणि पाणी थोडे जरी राहिले तरी पंधरवड्यात बुरशी धरते. त्यापेक्षा तुमच्या माडांना खत-पाणी वेळेवर मिळते का ते पाहावे. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात जाऊन आलात तर गटाला त्याचा अधिक लाभ होईल.

गुहागरची_लेक (सध्या पुणे)

वरील सर्व माहिती उपयुक्त आहे, तरी सरसकट नकाराशी मी सहमत नाही. माझे केस दाट व कुरळे आहेत. पुण्याच्या कोरड्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात, खोबरेल लावल्यावर ते मला उलट ताठ आणि राठ वाटतात, तर धुतल्यानंतर ओलसर केसांच्या टोकांना ॲव्होकॅडो तेलाचे मोजके थेंब लावले की ते दिवसभर सुटसुटीत राहतात. टाळूला मी ते लावत नाही. गुहागरला माहेरी गेल्यावर हेच तेल चिकट वाटते आणि लावावेसे वाटत नाही. म्हणजे ताई, तुमच्याकडे येणारी जी गिऱ्हाइके हे तेल मागतात ती ज्या हवेत राहतात, तिचा विचार करता त्यांची मागणी अगदीच निरर्थक नाही. त्यांना केसांच्या टोकांसाठी वेगळी लहान बाटली विकता येईल. माक्याच्या तेलात ते मिसळण्याचे कारण नाही.

दवाखाना_रत्नागिरी

हे मान्य आहे. केसांची टोके ही निर्जीव असतात, तेथे बुरशीचा किंवा ओलेइक आम्लाच्या दाहाचा प्रश्न उद्भवत नाही. माझा आक्षेप टाळू, चेहरा आणि लहान बाळ यांच्यापुरता समजावा.

माडाची_राई (वेंगुर्ला)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झाडांचा विषय आम्ही सोडून दिला आहे आणि मलमात तिळाचे तेल घालून पाहणार आहोत. टोकांसाठीच्या लहान बाटलीची सूचना गटातील तरुण मुलींना फार आवडली.

एक गोष्ट विचारायची राहिली. पुढील हंगामासाठी खोबरेलाचा साबण करण्याचे प्रशिक्षण आम्ही घेतले आहे, आणि प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी खोबरेलाचा काही भाग काढून तेवढेच ॲव्होकॅडो तेल घातल्यास साबण सौम्य होतो, असे सांगितले होते. ते योग्य आहे का? आणि वेष्टनावर ‘ॲव्होकॅडोयुक्त’ असे लिहिण्यासाठी काही नियम आहेत का?

तेलाचा_रसायनी (चिपळूण)

साबण सौम्य होतो हे खरे. पण ‘तेवढेच’ या शब्दात धोका आहे. १०० ग्रॅम खोबरेलाचा साबण होण्यास सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर १०० ग्रॅम ॲव्होकॅडो तेलाला सुमारे १३ ग्रॅम पुरतो. जुन्याच मापाने सोडा घालून नुसते तेल बदलले, तर जादा सोडा साबणात तसाच शिल्लक राहील आणि अंग भाजेल. तेल बदलले की सोड्याचा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने करावा, आणि त्यात काही टक्के तेल शिल्लक राहील एवढा सोडा मुद्दाम कमी ठेवावा. केवळ खोबरेलाच्या साबणाला फेस उत्तम येतो पण त्वचा कोरडी पडते, म्हणून तेथे हे शिल्लक तेल अधिक ठेवतात. कोरडेपणावरचा स्वस्त उपाय हाच आहे.

दुसरे असे की थंड पद्धतीच्या साबणात सोडा कोणते तेल घ्यायचे आणि कोणते ठेवायचे हे तुमच्या इच्छेप्रमाणे निवडत नाही. महागडे तेलही बहुतांश साबणातच रूपांतरित होते, आणि जे उरते ते अंगावरून पाण्याबरोबर मोरीत जाते. एवढ्या भावाचे तेल साबणात घालणे मला उधळपट्टी वाटते.

नियमांविषयी सांगायचे तर साबण, केसांचे तेल आणि मलम ही विक्रीसाठी तयार करायची झाल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, आणि तो क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. तो नसल्यास इतर सर्व बाबींआधी त्याची चौकशी करावी. घटकांच्या यादीत एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने आणि त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. बाजारातील पुष्कळ ‘ॲव्होकॅडो’ उत्पादनांत ‘पर्सिया ग्रॅटिसिमा ऑइल’ हे (म्हणजे ॲव्होकॅडो तेलाचे) नाव सुगंधी द्रव्याच्या शेजारी, यादीच्या तळाशी का सापडते, याचा उलगडा यावरून होईल. तुम्ही पुढच्या बाजूला फळाचे चित्र छापून आत चार थेंब घालू नयेत. कोंडा घालवते, केस उगवते असे दावे करू नयेत. तसे केल्यास उत्पादन प्रसाधन न मानता औषध मानले जाऊ शकते.

लहान बाटलीसाठी तेल घ्यायचेच ठरले, तर ते गडद काचेच्या बाटलीत, थोडे थोडे मागवावे. हरितद्रव्य असलेले तेल उजेडात फार लवकर बिघडते, आणि आपल्याकडील मे महिन्यातील उकाड्यात पत्र्याखाली ठेवलेला डबा खवट होण्यास वेळ लागत नाही. पुरवठादाराकडे त्या विशिष्ट बॅचचे तपासणी प्रमाणपत्र मागावे, ज्यात स्निग्धाम्लांचे प्रमाण आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल कितपत खवटले आहे हे दाखवणारा आकडा) हे दोन्ही आकडे असतील. ते देण्यास त्याने टाळाटाळ केली, तर त्याच्याकडून तेल घेऊ नये.